माथेरानचा पायी बाजार

माथेरानच्या बाजारपेठेचे कौतुक करताना तांबडी माती आणि मोटारींचा अभाव या दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात, आणि त्याही अशा सुरात की दोन्ही त्या डोंगराची देणगीच आहे. माती डोंगराची, हे खरे. पण गाडी नसण्याचे श्रेय डोंगराला देता येत नाही. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. महाबळेश्वर त्याहून कितीतरी उंच, तरी तिथल्या बाजारपेठेत सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग हलता हलत नाही. लोणावळा आणि पाचगणी याच सह्याद्रीतली गावे, तिथेही मोटार दारापर्यंत पोचली. माथेरानला मात्र नेरळहून वर येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढचे दोन-अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर, छोट्या रेल्वेगाडीने किंवा ई-रिक्षाने. म्हणजे रस्ता डोंगर चढून आला आणि माणसांनी तो गावाच्या वेशीवर अडवला. चालता येण्याजोगे गाव हा निर्णयाचा परिणाम आहे, आणि त्या निर्णयाची किंमत बराच काळ चालणाऱ्यांनी नव्हे, वाहणाऱ्यांनी भरली, असे माझे म्हणणे आहे.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर चढला, तेव्हापासून थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानचा इतिहास मोजतात. धनगर, ठाकर आणि कातकरी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून या रानात वावरत होते, ही गोष्ट त्या मोजणीत बसत नाही. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने इथे बंगला बांधला, मुंबईचे युरोपीय आणि पाठोपाठ पारशी धनिक आले. त्यांचे बंगले पॉइंटांच्या वाटांवर, ऐसपैस आवारांत, एकमेकांपासून दूर. बाजार उभा राहिला तो या बंगल्यांना लागणारे धान्य, भाजी, रॉकेल आणि नोकरमाणसे पुरवण्यासाठी. आज ज्या पेठेतून चिक्की आणि चामडी चपला घेत पाहुणा रमतगमत फिरतो, ती वसली तेव्हा पाहुण्यांच्या फिरण्याची जागा नव्हतीच. ती दुकानदार, हमाल, घोडेवाले यांची राहण्याची आणि पोट भरण्याची जागा होती. तिथली दाटी, दुकानावरचे घर, एका हाकेच्या अंतरावरचे सगळे व्यवहार, हे कोणा नगररचनाकाराने सौंदर्य म्हणून आखलेले नाही.

या पेठेला आजचे वजन आणले ते रेल्वेने. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटरची वळणावळणाची वाट. महत्त्वाचे म्हणजे तिचे शेवटचे स्थानक गावाच्या कडेला नसून थेट बाजाराला लागून आहे. उतारू डब्यातून खाली उतरतो तो पेठेतच. मोटारीने वसलेली गावे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लांबत जातात. माथेरानची पेठ स्थानकाभोवती दाट राहिली.

यावर आक्षेप असा की मोटारबंदी ही पाहुण्यांची चैन आहे: ते दोन दिवस शांतता चाखून जातात, रहिवाशाला मात्र सिलिंडरपासून सिमेंटपर्यंत सगळे महाग पडते. आक्षेपात तथ्य आहे. रुग्णवाहिकेसारखे अपवाद ठेवावे लागले ते त्यामुळेच. शिवाय या शांततेखाली माणसांच्या खांद्यांचे काम होते. सामान हमालाच्या डोक्यावर, आणि म्हातारी किंवा आजारी माणसे हातरिक्षात; ती रिक्षा चढावर पुढून ओढायला आणि मागून ढकलायला माणसेच लागत. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले, तेव्हा मोटारीला कायद्याचा अटकाव पक्का झाला. ओढणाऱ्याच्या पाठीचा विचार मात्र लांबणीवर पडला.

म्हणून हातरिक्षाच्या जागी ई-रिक्षा आल्याने गावाचे गावपण जाईल, ही भीती मला अर्धवट वाटते. माथेरानात वाहन कधीच नव्हते असे नाही. पालखी, घोडा, रिक्षा होतेच. प्रश्न ते कोणाच्या श्रमावर चालते आणि किती चालते हा आहे. अश्वपालांची धास्ती वेगळी आणि खरी आहे, कारण ई-रिक्षाचा प्रवासी बहुधा त्यांच्याच घोड्यावरून उतरलेला असतो. ई-रिक्षांच्या संख्येला मर्यादा हवी, ती त्यांच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, तेव्हा गुजरातच्या केवडियातल्या योजनेच्या धर्तीवर ई-रिक्षा राज्याने विकत घेऊन ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, असेही सांगितले. त्याच निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली, पण खाली काँक्रीट घालायचे नाही आणि आतल्या वाटांची माती तशीच ठेवायची.