खत, खाते आणि गेलेली पत

एकोणिसाव्या शतकातील दख्खनची कर्जखते ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल की, अशा खताच्या शेवटी ऋणकोची सही क्वचितच आढळते. मुद्रांकाच्या कागदावर कारकुनी वळणाच्या मोडीत मजकूर लिहिलेला असतो, रक्कम आधी आकड्यांत आणि मग अक्षरांत घातलेली असते, साक्षीदारांची नावे एकाखाली एक मांडलेली असतात, आणि ज्याच्या अंगावर हा सारा बोजा पडावयाचा त्या कुणब्याच्या नावापुढे एक लहानसा नांगर काढलेला असतो. ही त्याची निशाणी. ज्या कागदावर त्याची पत तोलली जात होती तो कागद त्याला स्वतःला वाचता येत नव्हता, आणि त्यात काय लिहिले आहे हे त्याला कळावयाचे ते ज्याच्यापासून कर्ज घ्यावयाचे त्याच्याच तोंडून. आपल्या मुलखात माणसाची पत कशी गेली आणि गेलेली पत त्याने पुन्हा कशी मिळवली याचा इतिहास लिहू गेल्यास, तो पुष्कळ अंशी ही नोंद कोण लिहितो आणि ती कोणाला वाचता येते याचाच इतिहास ठरेल.

पेशवाईच्या अखेरीस सावकार आणि कुळ यांचे नाते पिढीजात असे, आणि त्यात सरकारचा हात फारसा पडत नसे. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 साली जो अहवाल लिहिला त्यात त्याने तगाद्याच्या रीतींचे तपशीलवार वर्णन केले आहे: धनकोने ऋणकोच्या दाराशी आपला माणूस बसवावा, त्याला घराबाहेर पडू देऊ नये, वेळ पडल्यास धरणे धरावे, आणि लोकलज्जेने त्याच्याकडून काही तरी वसूल करावे. या रीती आजच्या दृष्टीने कठोर वाटल्या तरी त्यांना एक अंगभूत मर्यादा होती. सावकाराला त्याच गावात राहावयाचे असे, पुढच्या हंगामात धान्य त्याच खळ्यावरून उचलावयाचे असे, आणि कुळ परागंदा झाले तर त्याचे सारेच येणे बुडत असे. शिवाय धर्मशास्त्राने घालून दिलेला दामदुपटीचा दंडक होता, ज्यायोगे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. अवर्षणात कुळाची पत खालावली तरी ती का खालावली हे साऱ्या गावाला माहीत असे, आणि दोन बरी वर्षे आली की खाते पुन्हा मार्गावर येई. मात्र या व्यवस्थेची स्मृती फार लांब होती. बापाचे ऋण मुलाच्या माथी येई, आणि वारशाने कवडीही हाती आली नसली तरी ते मुलाला चुकत नसे. मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्याने वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली, तेव्हा कोठे जन्मतः थकबाकीदार असण्याचे दुर्दैव संपले.

इंग्रजी अमलाने या नात्याच्या मध्ये दिवाणी न्यायालय आणून बसवले. रयतवारीत जमीन रयतेच्या नावे लागली, त्यामुळे ती गहाण ठेवता येऊ लागली आणि लिलावातही जाऊ लागली. सावकाराला आता खळ्यावरच्या धान्याइतकीच, किंबहुना अधिक, जमिनीची आस लागली. त्यातच 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोचे जुन्या दाव्यांपासून रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू. परंतु घडले ते उलटेच. मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलावून घेई, मुद्दल आणि तीन वर्षांचे व्याज यांची बेरीज करी, आणि तेवढ्या रकमेचे नवे खत लिहून घेई. दरसाल दरशेकडा 25 दराने घेतलेले 100 रुपये तीन वर्षांनी 175 होत, त्या 175 चे खत बदलले की सहाव्या वर्षाअखेर 306 रुपये 4 आणे होत. आणि कालचे व्याज आजचे मुद्दल झाल्यामुळे दामदुपटीचा दंडक शब्दशः पाळूनही तो पूर्णपणे निष्फळ करता येई. मध्यंतरी कुळाने जे धान्य घातले, जे रोख दिले, त्याची जमा झाली की नाही हे सावकाराच्या खतावणीखेरीज अन्यत्र कोठे नमूद नसे.

पुढची हकीकत शाळेतील पुस्तकांतूनही येते, म्हणून ती संक्षेपाने सांगितली तरी पुरे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला तेव्हा सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला. 1865 नंतर भाव कोसळले, फेरपाहणीत सरकारी सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने हुकूमनामा बजावून गावच्या देशमुखाचे घर पाडावयास घेतले, त्यावरून गावकऱ्यांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. त्याच्या शेतात कोणी राबेना, त्याला न्हावी मिळेना, पाणीही कोणी भरीना. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, जमावाने सावकारांची घरे व दुकाने लुटली, आणि पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत पसरले. नंतर नेमलेल्या आयोगाला जी गोष्ट विशेष लक्षणीय वाटली ती ही की, दंगेखोरांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. सावकाराने खते आणि हुकूमनामे जाळण्यासाठी मुकाट्याने हवाली केले तर बहुधा पुढे काहीच घडत नसे.

खते जळाली, परंतु त्यांबरोबर पत परत आली नाही, हे दंग्याच्या कौतुकात विसरले जाते. पत म्हणजे कर्ज नसणे नव्हे. ज्याच्या नावावर काहीच बाकी नाही त्याला कोणी पैसा देतो असे नाही. ज्याने घेतले आणि ठरल्या मुदतीत परत केले, आणि तसे केल्याचे कोणीतरी पाहिले व लिहून ठेवले, त्यालाच देतो. पुढच्या पेरणीला बी-बियाणे हवेच होते, साऱ्याचा हप्ता भरावयाचाच होता, आणि कागद जाळणाऱ्या कुळाला त्या कागदाच्या धन्याकडेच पुन्हा जावयाचे होते. गेल्या व्यवहाराचा पुरावा नाहीसा करून पुढच्या व्यवहाराचा विश्वास निर्माण होत नाही, हा धडा त्या वर्षी दख्खनने फार मोठी किंमत देऊन घेतला.

1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील दोन कलमांची वाखाणणी नेहमी होते: पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास मनाई झाली, आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती कोणाच्या फारशी लक्षात न राहिलेली कलमे. शेतकऱ्याने केलेले खत ग्रामनोंदणी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लिहिले गेले पाहिजे. शेतकऱ्याने केलेल्या प्रत्येक भरण्याची लेखी पावती त्याला मिळाली पाहिजे. मागितल्यास वर्षाचा हिशेब दिला पाहिजे, आणि त्याच्या पासबुकात वेळोवेळी नोंद करून दिली पाहिजे. सावकाराने कसूर केल्यास दंड. फेडलेला रुपया फेडला म्हणून ऋणकोच्या हाती कागदावर राहावा, ही कल्पना कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडली. तिची अंमलबजावणी तोकडी पडली, हे कबूल केले पाहिजे. ज्याला पासबुक वाचता येत नाही त्याच्या हाती ते असून नसून सारखेच. आणि सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची नवी पळवाट काढली, ती बुजवण्यासाठी सरकारला पुढे कायदा दुरुस्त करावा लागला.

या कायद्याखालील कामकाजावर देखरेख करणाऱ्या न्यायाधीशांत महादेव गोविंद रानडे होते, आणि नुसत्या संरक्षणाने भागणार नाही हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. ऋणकोला संरक्षण मिळाले की धनको पाठ फिरवतो. मग पैसा द्यावा कोणी? इंग्रज अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी पुरंदर तालुक्यापुरती एक शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली, तीत आधी रयतेची जुनी देणी तडजोडीने निवारावयाची आणि मग मोकळ्या झालेल्या रयतेला माफक व्याजाने नवे कर्ज द्यावयाचे असा क्रम होता. हिंदुस्थान सरकारला ती पसंत पडली, परंतु विलायतेतील भारतमंत्र्यांनी तिला संमती नाकारली. जुन्याचा निकाल आणि नव्याचा आरंभ या दोन गोष्टी एकाच हाताने घडल्या पाहिजेत, हे मर्म त्या योजनेत होते. 1883 आणि 1884 च्या तगाई कायद्यांत ते उतरले नाही.

1904 च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने निराळा मार्ग काढला. एकट्या कुणब्याला पत नाही ना, तर दहा-वीस जणांनी आपली पत एकत्र करावी. ग्रामीण संस्थांत अमर्याद जबाबदारीचे तत्त्व असल्यामुळे एकाने बुडवले तर भार साऱ्यांच्या घरादारावर पडावयाचा, आणि म्हणून कर्ज देताना पंच सभासदाची हैसियत, त्याची पिके, त्याची चाल, सारे पारखून घेत. येथे प्रथमच हिशेबाचे दप्तर ऋणकोंच्याच हाती आले. तरीही प्रगती मंद होती. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील, धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे सदस्य होते त्या ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल 1954 साली आला, तेव्हा 1951-52 सालच्या शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. पुढे संस्थांचे जाळे वाढले, साखर कारखान्यांनी उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज कापून घेण्याची पद्धत रूढ केली, आणि त्याबरोबर एक जुना व्यवहार नव्या नावाने अवतरला. मार्चअखेर आली की सभासद चार दिवसांसाठी खासगी सावकाराकडून पैसे उचलतो, सोसायटीचे कर्ज भरतो, लगोलग नवे कर्ज उचलून सावकाराला परत करतो. याला गावोगाव ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. दप्तरात खाते नियमित दिसते, कुळ मात्र होते तेथेच राहते. एकोणिसाव्या शतकातील बदललेले खत आणि हे नवे-जुने यांत अंतर आहे ते एवढेच की, त्या काळी थकबाकी लपत नसे.

शहरांत ही कथा आणखी एक वळण घेते. 1980 साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने क्रेडिट कार्ड काढले, 2000 साली मुंबईत ‘सिबिल’ ही पतमाहिती संस्था स्थापन झाली, आणि 2005 च्या कायद्याने अशा संस्थांना वैधानिक चौकट मिळाली. आज कर्जदाराची पत 300 ते 900 यांमधील एका आकड्यात सांगितली जाते, आणि हा आकडा गावाला माहीत असलेली कोणतीही कारणे जाणत नाही. हप्ता कोणत्या तारखेला आला, किंवा आला नाही, हेच मुख्यत्वे त्याला कळते. ज्याची नोकरी सुटली, दुकान बसले किंवा आजारपणात हप्ते थकले, तो बँकेशी तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो; परंतु अहवालात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ न येता ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, आणि पुढची काही वर्षे तो शेरा प्रत्येक अर्जाच्या आड येतो. खते जाळून पत येत नाही हा सुप्याचा धडा येथे संगणकाच्या भाषेत पुन्हा शिकावा लागतो.

अशा माणसाला जो मार्ग उरतो तो मोठा विलक्षण आहे. बँकेत 20-25 हजारांची मुदत ठेव ठेवावी, ती तारण देऊन तिच्याहून थोड्या कमी मर्यादेचे कार्ड घ्यावे, किराणा आणि विजेचे बिल एवढाच खर्च त्यावर करावा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे सहसा जाऊ नये, आणि महिन्याची सबंध बाकी मुदतीपूर्वी चुकती करावी. स्वतःचाच पैसा गहाण टाकून तोच उसना घ्यावयाचा आणि तो परत केल्याची साक्ष निर्माण करावयाची, असा हा व्यवहार आहे. काही महिन्यांनी आकडा हलू लागतो. मग एके दिवशी ठेवीवाचून साधे कार्ड मंजूर होते, पुढे त्याची मर्यादा वाढते, त्यानंतर दुचाकीचे कर्ज मिळते. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना ही कार्डे मिळाल्याच्या तारखा मुलांच्या वाढदिवसांसारख्या पाठ असतात, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. तारणावरचे कार्ड ते विनातारण कार्ड हे अंतर म्हणजे परक्या माणसाने पुन्हा शब्दावर विश्वास ठेवल्याची लेखी कबुली असते.

मात्र याच कार्डात जुना फासही शाबूत आहे. विवरणपत्रावर ‘किमान देय रक्कम’ ठळकपणे छापलेली असते, तेवढीच भरणाऱ्याच्या उरलेल्या बाकीवर दरमहा तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढते, आणि ते पुढच्या महिन्यात बाकीतच मिळते. म्हणजे दख्खनच्या सावकाराला जे खत तीन वर्षांनी बदलून घ्यावे लागे ते येथे दर महिन्याला आपोआप बदलले जाते, आणि तेही दीडपट दराने. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात दामदुपटीचा दंडक आजही आहे. परंतु बँकांची कर्जे त्याच्या कक्षेत येत नाहीत.

तरीही आजच्या ऋणकोच्या हाती अशी एक गोष्ट आहे जी नांगराची निशाणी करणाऱ्याला नव्हती. प्रत्येक पतमाहिती संस्थेने वर्षातून एकदा सबंध अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2017 पासून अमलात आहे, आणि चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रार केल्यास ती तीस दिवसांत निकाली न काढणाऱ्याला दर दिवशी 100 रुपये भरपाई द्यावी लागते. 1879 च्या कायद्यातील पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक यांचा हा वंश सरळ आहे. त्या कायद्याचा लाभ रयतेला पुरता घेता आला नाही, कारण तिला वाचता येत नव्हते. आज वाचता येणारे लाखो लोक कर्ज नाकारले जाईपर्यंत आपल्या नावावर काय लिहिले गेले आहे ते पाहत नाहीत. गेलेली पत परत मिळवण्याचे पहिले पाऊल कार्ड घेणे हे नव्हे. आपला अहवाल मागवावा, एकेक खाते तपासावे, फेडलेल्या कर्जापुढे अजून बाकी दिसत असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी, आणि मगच ठेव ठेवून कार्डासाठी अर्ज करावा; कारण चुकीच्या हिशेबावर केलेली नियमित फेड ही नवे-जुने करण्याचीच दुसरी रीत ठरते.