पायाखालचा दगड : कोनच्या रस्त्यापासून नाणेघाटापर्यंत फरसबंदीचा इतिहास

१/१४
पनवेलहून पुण्याकडे निघालेला जुना महामार्ग पळस्पे फाट्यानंतर कोन गावाजवळून जातो. आज तेथे पायाखाली डांबर, सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक आहेत. पूर्वेकडे मात्र प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका दिसतो. याच काळ्या पाषाणावर या प्रदेशाने शतकानुशतके पाय ठेवला. किल्ल्यांचे बुरुज सर्वांना ठाऊक असतात. त्या बुरुजांपर्यंत नेणाऱ्या दगडी वाटेचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

२/१४
प्रथम शब्द पाहू. अरबी ‘फर्श’ म्हणजे अंथरलेली वस्तू, बिछायत. फारसी ‘बंदी’ म्हणजे बांधणी. या दोहोंतून मराठीत ‘फरसबंदी’ आली. वाड्याचा चौक, देवळाचे प्रांगण, गडाची वाट या सर्वांना ‘फरसबंद’ हे एकच विशेषण लागते. जमिनीवर दगडाची बिछायत घालावी, ही कल्पना त्या शब्दातच आहे.

३/१४
येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कलावंतिणीच्या पायऱ्या मूळ कातळात खोदलेल्या आहेत. फरसबंदी ही त्याहून निराळी विद्या होय. तिच्यात दगड खाणीतून काढावा लागतो, घडवावा लागतो आणि नव्या जागी असा बसवावा लागतो की तो हलणार नाही. खोदलेली पायरी डोंगराचाच भाग असते. बसवलेला दगड मात्र खालच्या थरावर आणि शेजारच्या दगडावर विसंबून असतो.

४/१४
सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. तो कठीण व टिकाऊ आहे, परंतु त्याचे सहजासहजी पातळ तक्ते निघत नाहीत. म्हणून जुन्या मराठी फरसबंदीतील दगड जाड असतो. वरचा चेहरा टाकीने सपाट केलेला आणि जमिनीत जाणारी बाजू ओबडधोबड ठेवलेली, असे त्याचे रूप अनेक ठिकाणी दिसते. ती खडबडीत बाजू मुरुमात रुतून बसते. दिसायला कच्चे वाटणारे हे काम मुळात हिशेबाचे असते.

५/१४
नवशिक्याला वाटते की फरसबंदी म्हणजे दगड मांडणे. खरे काम दगडाच्या खाली असते. मऊ माती काढायची, मुरूम किंवा खडीचा थर घालायचा, पाणी मारून धुम्मसाने तो ठोकायचा आणि पाणसळीने पातळी पाहायची. कडेला मोठे, जड दगड बसवायचे, म्हणजे आतले सरकत नाहीत. सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. उरलेल्या फटींत दगडाच्या चिपा ठोकायच्या.

६/१४
सर्वांत महत्त्वाचा तो ढाळ. चार महिन्यांच्या कोकणी पावसात पाणी साचले की खालचा मुरूम वाहून जातो, दगड डुगडुगू लागतो आणि एक हलला की शेजारचाही सुटतो. म्हणून चौक डोळ्यांना सपाट दिसला तरी तो मोरीच्या बाजूला किंचित उतरता असतो. राजवाड्यांच्या चौकात चुन्याची भरणी करीत. घाणीत मळलेल्या चुन्याने सांधे भरले जात. डोंगरवाटेवर बहुधा माती, मुरूम आणि चिपा यांवरच भागे.

७/१४
हे काम कोणी केले? पाथरवटांनी आणि वडार समाजाने. गाडी वडार, माती वडार, जाते वडार ही पोटनावेच श्रमांची वाटणी सांगतात : दगड वाहणारे, माती खणणारे, जाती-पाटे घडवणारे. घण, पहार, छिन्नी, टाकी आणि पाचर ही त्यांची हत्यारे. ही विद्या हातातून हातात गेली. नवख्याने आधी दगडाचा आवाज ओळखायला शिकावे : घट्ट दगड खणखणतो, आतून तडकलेला बद्द वाजतो.

८/१४
अशा कामावर नाव क्वचितच कोरले जाते. म्हणूनच रायगडाच्या जगदीश्वर मंदिराची पायरी विलक्षण ठरते. गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे सेवातत्परतेचे शब्द तेथे कोरलेले आहेत. नाव कळसावर नाही, भिंतीच्या उंचीवर नाही, तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल अशा दगडावर आहे. मात्र त्या पायरीभोवतीचे शेकडो दगड ज्यांनी बसवले, त्यांची नावे कोठेही नाहीत.

९/१४
आता घाटवाटांकडे वळू. कल्याण-सोपारा बंदरांना जुन्नरशी जोडणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून ज्ञात आहे. तेथील लेण्यात नागणिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. वाटेवर दगडी पायऱ्या आणि बसवलेले दगड दिसतात. पण ते सगळे सातवाहनकालीन म्हणणे धाडसाचे होईल. दोन हजार वर्षे वापरातल्या वाटेची डागडुजी प्रत्येक काळाने केलेली असते.

१०/१४
या वाटा पावलांसाठी आणि खुरांसाठी होत्या. वंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे पायऱ्या चढू शकत, चाक चढू शकत नसे. १७७८ च्या अखेरीस पनवेलला उतरलेली इंग्रज फौज बोरघाटाने पुण्याकडे निघाली. तोफा आणि सामानाचा लवाजमा घाटावर चढवण्यात तिचे दिवसामागून दिवस गेले. मराठ्यांनी तिला वेढले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावचा तह झाला. या पराभवाला कारणे अनेक होती; त्यांत घाटाच्या चढणीचाही वाटा होता.

११/१४
पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी हीच अडचण दूर केली. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. पनवेल-पुणे वाटेचे महत्त्व त्यामुळे वाढले. त्याच सुमारास जॉन मॅकॅडमची पद्धत जगभर पसरत होती : मोठे दगड बसवू नका, बारीक फोडलेली खडी पसरा, रहदारीच तिला घट्ट करील. पाथरवट दगड ‘बसवत’ असे, नवा रस्ता दगड ‘फोडून’ होऊ लागला. एका कसबाची गरजच त्या ठिकाणी कमी झाली.

१२/१४
दुसरा बदल आगगाडीने घडवला. १८७१ मध्ये लोहमार्ग रायचूरपर्यंत पोहोचला आणि वाटेवरचे निजामी राज्यातले शहाबाद मुंबई-पुण्याशी जोडले गेले. तेथील चुनखडक थराथरांचा असल्याने त्याच्या पातळ लाद्या सहज निघतात. स्थानिक काळा दगड घडवण्यापेक्षा दुरून आलेली शहाबादी फरशी अंथरणे सोपे ठरले. घरोघरी ती आली. मात्र हा चुनखडक आम्लाने खराब होतो. लिंबाच्या रसाचा डाग त्यावर उठतो, बेसॉल्टवर तसा सहज उठत नाही.

१३/१४
हा इतिहास आज निकडीचा आहे, कारण अनेक तरुण सुट्टीच्या दिवशी दुर्गसंवर्धनासाठी गडांवर जातात. वाटेतला सुटलेला दगड उचलून सिमेंटमध्ये बसवणे हे त्यांना पुण्यकर्म वाटते. पण जुन्या सांध्यांतून जिरणारे पाणी सिमेंट अडवते. ते मग कडेने धावते आणि वाटच पोखरते. दुसरी हानी पुराव्याची. फरसबंदीवर बहुधा तारीख नसते. टाकीचे घाव, पाचरींच्या खाचांची रांग, सुरुंगाच्या भोकाची गोल खोबण, दगडाखालच्या थरातले खापर, यांवरूनच तिचा काळ ठरवता येतो. दगड हलला की तो पुरावाही हलतो.

१४/१४
म्हणूनच संरक्षित स्मारकांना १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. तेथे परवानगीविना दुरुस्ती करता येत नाही. नवशिक्याने हात बसवायचा तर तो स्वतःच्या अंगणात बसवावा : मुरूम ठोकावा, ढाळ द्यावा, चार दगड मांडावेत आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. गडावर मात्र सुटलेल्या दगडाचे जागेवरच छायाचित्र घ्यावे, त्याची नोंद करावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. कोनच्या रस्त्याखाली जुनी वाट उरली असेल-नसेल. डोंगरावरच्या वाटा अजून शाबूत आहेत, आणि त्या वाचता येतात.