कानपूरचे गणकयंत्र

शिक्षणसंस्थांचे इतिहास वाचताना कोनशिला, उद्घाटनाची भाषणे आणि पहिली तुकडी यांचा तपशील आपल्याला भरपूर मिळतो. यंत्रसामग्रीची यादी मात्र परिशिष्टात ढकललेली असते. आम्हां मराठीच्या अध्यापकांना अशी यादी वाचण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पण कोणते यंत्र घ्यायचे आणि त्याला हात कोणी लावायचा, हे ठरवतानाच संस्थेचा स्वभावही पुष्कळ अंशी ठरत असतो. कानपूरच्या आयआयटीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

या संस्थेचे काम १९५९ च्या अखेरीस सुरू झाले ते हार्कोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीतील एका खोलीत. पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये त्यांनी अध्यापन केले होते आणि पवईच्या आयआयटीच्या आखणीतही त्यांचा मोठा वाटा होता. पवईला सोव्हिएत मदत मिळाली, कानपूरला अमेरिकन. १९६२ पासून एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू आदी नऊ अमेरिकन संस्थांचा गट कानपूरच्या उभारणीत सहभागी झाला.

ऑगस्ट १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे गणकयंत्र कानपुरात आले. संस्था त्याच वर्षी कल्याणपूरच्या नव्या आवारात जात होती. बांधकामे अजून चालूच होती. यंत्र विमानाने आले आणि विमानतळावरून बैलगाडीतून नेले गेले, ही आठवण सर्वत्र सांगितली जाते. चित्र मोहक आहे खरे, पण त्यामुळे लक्ष भलतीकडेच जाते. विचार करण्यासारखी गोष्ट आहे ती यंत्राच्या निवडीची.

१६२० हे काही बलाढ्य यंत्र नव्हते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत बेरीज करणारे स्वतंत्र मंडलच नव्हते. स्मृतीत साठवलेली कोष्टके पाहून ते बेरीज करी, पाढे पाठ केलेल्या मुलासारखे. बेरीज येत नाही आणि प्रयत्नही करीत नाही, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून वापरणाऱ्यांनी त्याला 'कॅडेट' हे टोपणनाव दिले होते. मात्र ते दशमान पद्धतीने चालत असे आणि फोरट्रान भाषेत त्याला आज्ञा देता येत, त्यामुळे नवशिक्यालाही ते झेपण्याजोगे होते.

भारतात गणकयंत्रे त्याआधीही होती. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकातच एक इंग्लंडहून आले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेले टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाले होते. पण ती संशोधकांची साधने होती. कानपूरच्या आखणीत गणकयंत्र अभ्यासक्रमातच शिरले. बी.टेक.च्या विद्यार्थ्यांनी आज्ञावली लिहावी, तिची छिद्रित पत्रके स्वतः तयार करावीत आणि यंत्रापुढे बसून आपल्या चुका शोधाव्यात, असा हा विचार होता. बर्कलीचे हॅरी हस्की आरंभीच्या जुळणीसाठी आले होते. पुढे एच. के. केशवन आणि व्ही. राजारामन यांनी अध्यापनाची घडी बसवली. बाहेरच्या प्राध्यापकांसाठी आणि उद्योगांतील लोकांसाठी अल्पमुदतीचे वर्गही भरू लागले. १९६५ मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला संगणकशास्त्राचा पर्याय मिळाला, तर १९६६ मध्ये आयबीएम ७०४४ हे मोठे यंत्र दाखल झाले. वर्गातल्या टिपणांतून राजारामन यांचे आज्ञावलीवरील पुस्तक सिद्ध झाले. ते १९६९ मध्ये स्वस्त किमतीत निघाले आणि जिथे यंत्र पोहोचले नव्हते अशा महाविद्यालयांतही पोहोचले. कपाटात कुलूपबंद ग्रंथ आणि जाळीआडून दर्शन देणारी उपकरणे पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला यातले औदार्य वेगळे सांगावे लागू नये.

या औदार्याला दुसरी बाजूही होती. यंत्र, भाषा, पाठ्यक्रम सारेच अमेरिकेतून आले, तेव्हा शिकलेल्यांची वाटही तिकडे वळली. रॉस बॅसेट यांच्यासारख्या इतिहासकारांनी हा धागा तपशिलाने उलगडला आहे. देशाच्या गरजा आणि वर्गातले प्रश्न यांचे नाते नियोजनात कितपत तपासले गेले, हा प्रश्न आम्हांला रास्त वाटतो. मात्र त्यासाठी विद्यार्थ्याला यंत्रापासून दूर ठेवायला हवे होते, असे म्हणणे आम्हांला पटत नाही.

अमेरिकन सहकार्य १९७२ मध्ये संपले. केळकर त्याआधीच, १९७० मध्ये, संचालक म्हणून पवईला गेले होते. तिथले गणकयंत्र होते सोव्हिएत बनावटीचे मिन्स्क.