घरबसल्या उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीच्या खात्यावर जमा झाला आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी उमेदवार म्हणजे कचेरीत काम शिकायला येऊन बसणारा होतकरू पोरगा. मूळ फारसी शब्दातच 'उमेद' आहे, म्हणजे आशा. जागा रिकामी होईल या आशेवर त्याने महिनोन् महिने फुकट नकला करायच्या, हेडकारकुनाची बोलणी खायची आणि नशीब असेल तर पुढे पगारावर लागायचं. ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची सोय असे त्यालाच हे परवडे. कचेरीत कुणी ओळखीचा लागे, हे वेगळं सांगायला नको.

ही रीत कॉम्प्युटरच्या धंद्यात नव्या रूपाने आली आहे. शिकाऊ मुलगा किंवा मुलगी आपल्या गावी, मार्गदर्शक हजारो मैलांवर; दोघांची प्रत्यक्ष गाठ बहुधा पडतही नाही. काम शिकवलं जातं आणि वर विद्यावेतन मिळतं. या उमेदवारीचा अर्ज कसकसा घडत गेला, त्याची ही हकीकत.

सुरुवात 2005 सालची. गूगल या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी 'समर ऑफ कोड' नावाची योजना काढली. उन्हाळ्याच्या सुटीत तिकडचे विद्यार्थी हॉटेलांतून पडेल ते काम करून चार पैसे मिळवतात. त्याऐवजी त्यांनी प्रोग्रॅम लिहावेत, ही कल्पना. जागा ठरवल्या 200, अर्ज आले 8,700 च्या वर! तेव्हा घाईघाईने जागा दुपटीहून अधिक कराव्या लागल्या. विद्यार्थ्याला 4,500 डॉलर, आणि त्याला शिकवणाऱ्या गटाला 500. कंपनी स्वतः शिकवत नव्हती, हे ध्यानात घ्या. शिकवणारे होते मुक्त सॉफ्टवेअरवाले; म्हणजे ज्यांचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, अशी मंडळी.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबून शिकवणार कसं? पण या मंडळींना जवळ बसून काम करायची सवयच नव्हती. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपली लिनक्स प्रणाली जगापुढे ठेवली आणि लोक तिच्यातल्या दुरुस्त्या ई-मेलने धाडू लागले. ज्यांना कचेरीच नाही, त्यांच्याकडे उमेदवाराने येऊन बसायचं तरी कुठे? कामच पत्रोपत्री चालत होतं; त्यात शिकवणंही मिसळून गेलं.

अडचण निवडीची होती. सुरुवातीला अर्ज म्हणजे एक प्रस्ताव: मी अमुक करीन, इतक्या आठवड्यांत करीन. आता सुंदर प्रस्ताव लिहिणं ही एक कला आहे आणि काम करणं ही दुसरी. म्हणून काही गटांनी नवा दंडक घातला. बीजगणित आणि कलनाची गणितं अक्षरांतच सोडवणारा 'सिम्पाय' नावाचा प्रकल्प आहे. 2007 पासून तो या योजनेत उतरला. त्याने सांगितलं, आमच्या कोडला आधी निदान एक 'पॅच' करून पाठवा, मग अर्जाचं बोलू.

पॅच म्हणजे ठिगळ, शब्दशः! प्रोग्रॅममध्ये कुठेतरी बारीकसा दोष सापडतो, तुम्ही चार ओळी बदलून तो काढता आणि पाठवता. तो पहिल्या खेपेला क्वचितच पास होतो. मार्गदर्शक लिहितो, इथे चाचणी जोडा. तिथे दुसरीकडे बिघडलं, ते पाहा. तुम्ही सुधारून पुन्हा पाठवता. हा पत्रव्यवहार सर्वांसमक्ष चालतो आणि तीच खरी परीक्षा. अनुभवी मार्गदर्शक ठिगळापेक्षा शिवणारा टोचणी कशी घेतो ते पाहतो. रुसतो का, दोन दिवस गप्प बसतो का, की विचारतो, "हे मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?"

मात्र या खुल्या दारातून कोण आत येतं, याचा हिशेब लवकरच झाला. 2006 साली 'ग्नोम' या प्रकल्पाकडे समर ऑफ कोडमधून 181 अर्ज आले. त्यांत बाईचा अर्ज एकही नव्हता. "बायकांना आवडच नाही" असं म्हणून विषय मिटवता आला असता. पुष्कळ जण मिटवतातच. पण हॅना वॉलाक आणि ख्रिस बॉल या दोघांनी त्याच वर्षी खास स्त्रियांसाठी तशीच एक योजना जाहीर केली. काम तेच, प्रकल्प तोच. या वेळी सुमारे 100 अर्ज आले आणि सहा जणींची निवड झाली. शून्य आणि शंभर यांच्यामध्ये फक्त निमंत्रणाचा फरक होता! या सबंध इतिहासातला मला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे काही वर्षं सामसूम. 2010 साली मरिना झुराखिन्स्काया या बाईंनी तेच काम पुन्हा उभं केलं आणि नेटाने चालवलं. पहिल्या तुकडीत आठ जणी होत्या. 2013 साली लिनक्सचा गाभा सांभाळणारी मंडळीही सामील झाली. 2015 मध्ये योजनेला 'आउटरीची' हे नाव मिळालं आणि या क्षेत्रात ज्यांना ज्यांना कमी वाव मिळतो अशा इतरांनाही दार उघडलं. मरिनाबाई 2022 साली वारल्या. त्यांच्या योजनेने अर्जाआधी कामाचा दंडक सक्तीचाच केला: चार-पाच आठवडे प्रकल्पात काम करून दाखवा, नोंदवा, मग शेवटचा अर्ज भरा.

इथे मात्र तो जुना कचेरीतला उमेदवार आठवतो. हे आठवडे बिनपगारीच की! ज्या मुलीला संध्याकाळी शिकवण्या घ्याव्या लागतात, जिच्या घरी कॉम्प्युटर भावाच्या ताब्यात असतो, तिला ते कसे परवडावेत? दंडक न्याय्य आहे, कारण तो ओळखपाळख विचारत नाही. पण फुकट नाही. आउटरीचीने विद्यावेतन जगभर एकच ठेवलं, 2022 साली ते 7,000 डॉलर केलं. गूगलने पुढे देशोदेशींच्या महागाईप्रमाणे रक्कम कमीजास्त केली. आपल्याकडे ते कमीच झालं, हे ओघानेच आलं. शिवाय 'समर' हा तिकडचा उन्हाळा. त्यांची सुटी रंगात येते तेव्हा आपली कॉलेजं उघडलेली असतात.

2020 च्या महामारीत कंपन्यांतल्या उन्हाळी उमेदवाऱ्या धडाधड रद्द झाल्या, तेव्हा 'मेजर लीग हॅकिंग' या संस्थेने आपली फेलोशिप सुरू केली. तिच्यात मुलं एकटी नसतात, लहान लहान गटांत काम करतात. 2022 पासून गूगलच्या योजनेलाही विद्यार्थी असण्याची अट उरली नाही. अठरा वर्षं पुरी आणि या कामात नवखेपण, एवढं पुरे. कॉलेज सोडून नोकरीला लागलेल्यांना हा मोठाच दिलासा.

तेव्हा तुमच्या घरात कुणी असा अर्ज लिहीत असेल, तर "लहानपणापासून मला कॉम्प्युटरची आवड" हे वाक्य खुशाल खोडा. आता तर असली वाक्यं यंत्रच ढिगांनी लिहून देतं. वाचणारा विटलेला असतो. त्याऐवजी कुठला दोष काढला, कुठे अडलं, कोणी काय सुधारायला लावलं, ते लिहा. परीक्षेच्या तारखा लपवू नका, वेळापत्रकात मांडा. आणि मार्गदर्शकाला खासगीत "आदरणीय सर, कृपया मार्गदर्शन करावे" असं पत्र धाडू नका. आपली ही आदबशीर सवय तिथे उपयोगी पडत नाही. प्रश्न चारचौघांत, नेमका विचारा. उत्तर त्या मार्गदर्शकाकडूनच येईल असंही नाही, मागल्या वर्षीचा एखादा उमेदवारच देऊन मोकळा होईल.

सिम्पायमध्येच पाहा. 2009 साली ॲरन म्युरर हा कॉलेजातला पोरगा समर ऑफ कोडमधून तिथे आला आणि उन्हाळाभर अवकल समीकरणं सोडवणाऱ्या भागावर खपला. 2011 मध्ये त्या सबंध प्रकल्पाची धुरा त्याच्याकडे आली, आणि नव्या पोरांची ठिगळं उसवून पाहायचं कामही त्याच्याच मागे लागलं.