शिक्षेआधीच सोडलेलं अपील

हक्कसोडपत्र आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. वडील वारले की बहिणीची सही घ्यायची आणि सात-बारा मोकळा करायचा. पण वडील हयात असतानाच मुलीने वाटा सोडला, तर मुस्लिम वारसा कायद्यात ते सोडणं मुळातच निरर्थक ठरतं. जो हक्क अजून मिळालाच नाही, तो सोडणार कसा? (मोबदला घेतला असेल तर मात्र नंतर हात झटकता येतीलच असं नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या गुलाम अब्बास खटल्यात सांगितलं आहे.)

अमेरिकेतल्या फौजदारी न्यायालयांपुढे हाच पेच उभा राहिला. सिनेमात ज्युरी दिसते, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिलेल्या आकड्यानुसार संघीय न्यायालयांतल्या 97 टक्के दोषसिद्धी गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. सरकारी वकील आरोप कमी करतो, आरोपी कबुली देतो, करार होतो. त्या करारात एक कलम असतं: शिक्षेविरुद्ध अपील करणार नाही. शिक्षा अजून सुनावलेली नसते, तरी सही होऊन जाते.

हे कलम फार जुनं नाही. 1987 पूर्वी कायद्याच्या मर्यादेतल्या शिक्षेवर अपील जवळपास चालतच नसे. 1984 च्या कायद्याने शिक्षेचे तक्ते आणले आणि तक्ता चुकीचा लावला म्हणून अपिलाची वाटही दिली. अपिलं वाढली. मग सरकारी वकिलांनी ती वाट करारातच बुजवायला सुरुवात केली. 1992 साली मेलान्कॉन खटल्यात पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने असं कलम वैध ठरवलं. त्याच पीठावरच्या न्यायमूर्ती पार्कर यांनी निकालाला संमती दिली, कारण आधीच्या निर्णयाने त्यांचे हात बांधलेले होते. पण अजून न झालेल्या शिक्षेवरचं अपील कोणी समजून-उमजून सोडू शकतो, हे त्यांना पटलं नाही. मला त्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं. सरकारी बाजू म्हणते की आरोपीला बदल्यात सवलत मिळते. मिळते, हे खरं. पण न्यायाधीशाची चूक ही सौद्यात विकायची वस्तू आहे का?

1999 मध्ये नियम बदलला. या कलमाचा अर्थ न्यायाधीशाने आरोपीला भर न्यायालयात समजावून सांगावा, असं ठरलं. कलम मात्र राहिलं. 2004 साली दहाव्या सर्किटने हान खटल्यात तीन कसोट्या घातल्या: वाद कलमाच्या कक्षेत येतो का, सही समजून आणि राजीखुशीने झाली का, आणि कलम लागू केल्याने उघड अन्याय होतो का.

पुढे 2019 साली गार्झा विरुद्ध आयडाहो हा निकाल आला. आरोपीने अपील कर म्हणून वकिलाला सांगितलं होतं. वकिलाने सहीकडे बोट दाखवलं आणि मुदत जाऊ दिली. न्यायमूर्ती सोटोमायर यांनी सहा विरुद्ध तीन बहुमताने लिहिलं की असं कोणतंही कलम अपिलाची सगळी दारं बंद करत नाही. काही मुद्दे सोडताच येत नाहीत, आणि कधी सरकारच कलमाचा आग्रह धरत नाही. अपिलाची नोटीस दाखल करणं हे साधं कारकुनी काम आहे. अशिलाने सांगितल्यावर वकिलाने ते करायलाच हवं होतं.