मावळत्या धूमकेतूची नोंद
(धागा)

१/ ९ फेब्रुवारी १९८६ रोजी हॅलेचा धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ होता. ११ एप्रिलला पृथ्वीच्या. १९१०च्या तुलनेत तो फिकट दिसला. गिरगाव-लालबागच्या उजेडात तर शोधूनच काढावा लागे.

२/ तरीही त्याच काळात मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. कर्जत लोकलने वांगणी गाठून तेथील काळोखात रात्र जागवण्याचा प्रघात पुढे रुजला.

३/ धूमकेतू दुरावला की वर्तमानपत्रे त्याला विसरतात. निरीक्षकाची कसोटी तेव्हाच लागते. ज्ञात ताऱ्यांशी तुलना करून त्याचे तेज ठरवायचे. छायाचित्र घेताना दुर्बीण धूमकेतूच्या गतीने फिरवायची. मग ताऱ्यांच्या रेघा उमटतात, धूमकेतू मात्र ठिपकाच राहतो.

४/ एवढी चिकाटी कशासाठी? फेब्रुवारी १९९१ मध्ये, शनीच्या कक्षेपलीकडे गेलेला हॅले चिलीतील दुर्बिणीतून अचानक शेकडो पटींनी उजळलेला आढळला. पाहणे थांबले असते, तर ही घटना इतिहासात उरलीच नसती.

५/ मित्रहो, भरतीची नोंद सारेच ठेवतात. ओहोटीची ठेवणारा विरळा. हॅले २०६१ मध्ये परतेल. तोवर आपल्या वह्या कोण जपणार?