फडताळ लहान, संसार मोठा

संसार मोठा आणि फडताळ लहान, ही तक्रार घरोघरची आहे. रोजचे डबे फडताळात आणि क्वचित लागणारी पातेली माळ्यावर, अशी वाटणी करून गृहिणी घर चालविते. माळ्यावरची वस्तू केव्हा खाली आणावी आणि तिच्यासाठी खालची कोणती वर टाकावी, हा हिशेब मात्र तिच्या डोक्यात असतो. संगणकाला हा हिशेब माणसाने कसा शिकविला, त्याची हकीकत मला मोठी रंजक वाटते.

मँचेस्टर विद्यापीठातील एका लहानग्या यंत्राने २१ जून १९४८ रोजी स्वतःच्या स्मृतीत साठविलेली आज्ञावली चालवून दाखविली. तिचे लेखक होते टॉम किलबर्न. त्या यंत्राची स्मृती, म्हणजे आजची ‘मेमरी’, अवघी ३२ शब्दांची! पुढे यंत्रे वाढली, गणितेही वाढली. परंतु चपळ स्मृती महाग, म्हणून ती तुटपुंजीच राहिली. मग तिच्या जोडीला फिरता चुंबकीय ड्रम आला. तो स्वस्त आणि ऐसपैस खरा, पण फार संथ. कोणता मजकूर ड्रमवरून केव्हा आणावयाचा आणि केव्हा परत ठेवावयाचा, हे आज्ञावली लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे. बिचाऱ्याचे निम्मे लक्ष गणितात, निम्मे या हमालीत!

ही हमाली यंत्राच्याच गळ्यात बांधावी, असे किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले. फेरँटी कंपनीच्या साहाय्याने बांधलेल्या त्यांच्या ‘ॲटलास’ संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याची चपळ स्मृती १६,३८४ शब्दांची, ड्रमवरची ९८,३०४ शब्दांची. आज्ञावलीला मात्र ती एकच सलग स्मृती भासावी, अशी योजना होती. सारा मजकूर ५१२ शब्दांच्या पानांत विभागला होता. चपळ स्मृतीत ३२ पाने मावत, आणि कोणत्या जागी कोणते पान आहे याची नोंद ३२ लहान नोंदकांत असे. हवे ते पान तेथे नसले, की काम क्षणभर थांबे, यंत्रावर देखरेख करणारी आज्ञावली ड्रमवरून ते पान आणवी आणि काम पुढे चाले. एक जागा नेहमी रिकामी राखलेली असे. कोणते पान बाहेर काढावे, हे ठरविताना पानांच्या मागील वापराचा विचार होई. पाहुणा येण्यापूर्वीच पाट मांडून ठेवणाऱ्या घरासारखीच ही रीत नव्हे काय?

जुन्याजाणत्यांना ही मायावी स्मृती पटेना. माणसाच्या कसबाची सर यंत्राला येणार नाही, असे ते म्हणत. आणि त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. फार कामे एकदम हाती घेतली, की यंत्र पानांची नेआण करण्यातच दमून जाई आणि खरे काम जागच्या जागी राही. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी या दुखण्याचे मर्म सांगितले : प्रत्येक कामाला त्या वेळी लागणारी पाने ओळखा, आणि ती सारी मावतील इतकीच कामे एका वेळी चालू ठेवा. पुढच्याच वर्षी आयबीएममधील डेव्हिड सेअर यांनी प्रयोगांती दाखविले, की यंत्राची ही वाटणी माणसाच्या हातच्या वाटणीला तोडीस तोड ठरू शकते.

आज स्मृती अफाट झाली, तरी प्रश्न मिटलेला नाही. त्याने केवळ रूप पालटले आहे. चार किलोबाइटांची पाने धरली, तर चार गिगाबाइट स्मृतीत १०,४८,५७६ पाने होतात, आणि त्यांच्या नोंदवहीचेच ओझे होते! म्हणून वह्यांच्या अनुक्रमणिका आल्या, त्या अनुक्रमणिकांच्याही अनुक्रमणिका आल्या. नुकत्याच पाहिलेल्या नोंदी हाताशी ठेवण्याची सोय झाली. आणि मोठ्या कामांसाठी दोन मेगाबाइटांची थोरली पानेही निघाली.

मला या इतिहासात एक गोष्ट विशेष वाटते. किलबर्न यांनी स्मृती वाढविली, त्याहून अधिक म्हणजे तिची चिंता वाहण्याच्या कामातून माणसाला मोकळे केले. ही मोकळीक इतकी अंगवळणी पडली, की ती कोणीतरी मिळवून दिली होती, हेच आपण विसरलो. उपकाराची याहून मोठी पावती ती कोणती?